गृहिणीचा विवेक

आपल्या मंडळ्यांत कोणी वृद्ध भगिनी प्रभूमध्यें निजली म्हणजे प्रेतकार्याच्या वेळीं तिच्याविषयीं दोन शब्द बोलण्याची चाल आहे. ते शब्द बहुधा ठरलेले असतात. बाई फार शांत होत्या. नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधीं गेल्या नाहींत. कोणास उलट उत्तर दिलें नाहीं. हे शब्द ऐकून कोणाचें मन दुखत नाहीं, व बोलणाराचा हेतुहि चांगलाच असतो. परंतु त्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीं करावा असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आलें आहे. जिनें जन्मभर घर चालविलें, शेजाऱ्यांचीं आजारपणें काढिलीं, मंदिर झाडलें, पोरक्या लेकरांस जेवूं घातलें, तिची स्तुति तिला स्वतःचें मत नव्हतें म्हणून करावयाची, कीं होतें म्हणून?

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. आपल्या प्रभूनें शिष्यांस आत्मत्याग करावयास सांगितलें. पण मनुष्यास जें आपलें आहे तेंच टाकतां येतें. ज्याच्या गांठीं दमडी नाहीं त्यानें दान केलें असें कोणी म्हणत नाहीं. तसेंच, जिच्या मनांत ‘मला असें वाटतें’ हा उच्चार लहानपणापासून उमटूंच दिला नाहीं, तिनें आपली इच्छा प्रभूसाठीं सोडिली असें कसें म्हणावें? ती इच्छा दुसऱ्यांनीं आधींच काढून घेतलेली असते. बैल दिवसभर मोट ओढी आणि सगळ्या मळ्यास पाणी मिळे. तरी बैलानें मळ्याची सेवा केली असें कुणब्यानें कधीं म्हटलें नाहीं. समजून उमजून, ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति असतांना जे श्रम दिले जातात त्यांसच सेवा हें नांव शोभतें.

उलट पक्षीं असेंहि म्हणणारे आहेत कीं, बाईस स्वतंत्र व्हावयाचें असेल तर तिनें उंबरठा ओलांडलाच पाहिजे. चूल हीच बेडी. हें आम्हांस पटत नाहीं. उंबरठा ओलांडून पगार आणणारी, पण पगाराचें पाकीट न उघडतां सासूच्या हातीं ठेवणारी बाई आपल्या गांवांत आहेच. आणि घराबाहेर फारशी न पडतां सगळ्या आळीस वळण लावणारी आजीहि आहे. स्वातंत्र्य कोठें उभें आहे हें पाहावयाचें असेल तर पाय कोठें आहेत तें न पाहतां निर्णय कोण करितें तें पाहिलें पाहिजे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एक चरित्र समोर ठेवितों. तें आपल्याच मंडळींतलें आहे, आणि तरीहि आपल्यापेक्षां बाहेरच्यांनीं तें अधिक वाचिलें आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालीं झाला व २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं गीतें आपण दर रविवारीं गातों. त्यांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख आपल्या पुष्कळ घरांत आहे.

त्यांचें माहेर नाशिकजवळील जलालपूरचें, गोखले घराण्याचें. वडिलांस सोवळ्याचें वेड लागलेलें होतें. बाहेरून आलेला प्रत्येक जिन्नस त्यांस विटाळलेला दिसे, आणि तो धुऊन काढण्यांत घरच्या माणसांचे हाल होत. अशा घरांत वाढलेल्या मुलीनें एकतर जन्मभर भित्रें राहावें, नाहीं तर सर्वच धर्मास हंसावें. लक्ष्मीबाईंनीं दोन्ही केलें नाहीं. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अकरा वर्षांच्या असतांना त्यांचें लग्न झालें, आणि अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हाताखालीं.

नवरा मोठा कवि, मोठा विद्वान आणि अतिशय दयाळू. हा दयाळूपणा मात्र जरा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. दारीं जो येईल त्यास द्यावें, वाटेंत जो भेटेल त्यास जेवावयास घेऊन यावें, घरांत पीठ आहे किंवा नाहीं याची चौकशी मागाहून. त्यांच्या औदार्याची वाहवा सर्वांनीं केली, आणि ती योग्यच होती. पण आलेल्या पाहुण्याच्या पानांत वाढावयाचें काय, हा प्रश्न ज्या बाईपुढें उभा राही तिच्या दानाची नोंद कोणीं केली? विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण मुलांस शिकवितों. ती विधवा होती, म्हणून टोल्या तिच्या स्वतःच्या होत्या आणि त्या टाकण्याचा अधिकारहि तिचाच होता. तिचा नवरा जिवंत असता आणि त्यानें तिला न विचारतां त्या दोन टोल्या भांडारांत टाकिल्या असत्या, तर त्याग कोणाचा म्हणावयाचा? आमच्या मतें पुरुषाचें औदार्य पुष्कळदां बायकोच्या नांवावर काढलेलें कर्ज असतें. कर्ज काढण्यांत पाप नाहीं, पण सावकाराचें नांव तरी वहींत असावें!

लक्ष्मीबाई याबद्दल गप्प बसल्या नाहींत. त्या भांडल्या, रुसल्या, टोचून बोलल्या, आणि पुढें ‘स्मृतिचित्रें’ लिहितांना हे सगळे प्रसंग त्यांनीं अशा विनोदानें सांगितले आहेत कीं वाचणारास नवऱ्याचा राग येण्याऐवजीं दोघांविषयीं प्रेम वाटूं लागतें. पुढें दुष्काळांतलीं, आईबापांवेगळीं झालेलीं लेकरें त्यांच्या घरांत आलीं तेव्हां तींहि त्यांनीं पोटाशीं धरिलीं. भांडणारी तीच आणि पोटाशीं धरणारीहि तीच. आज्ञाधारकपणाच्या मापानें हें मोजतां येत नाहीं. जी बाई ‘हें आपल्यास परवडणार नाहीं’ असें स्पष्ट म्हणते आणि तरीहि तें करिते, तिनें हिशेब केलेला असतो. प्रभूनेंहि बुरूज बांधणारास आधीं बसून खर्चाचा अंदाज करावयास सांगितलें आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हां सत्ताविशींच्या आंत होत्या, आणि पदरीं लहान मुलगा होता. त्या काळच्या ब्राह्मण समाजांत नवरा बाटला म्हणजे बायकोस काय स्थिति प्राप्त होई हें सांगावयास नको. कुंकू असून विधवेसारखें, आणि विधवेस जी कींव मिळे तीहि नाहीं. नवऱ्याकडे गेल्यास माहेर, जात, देव सर्व तुटावयाचें. न गेल्यास जन्म नातलगांच्या दारीं काढावयाचा. सुमारें चार-पांच वर्षें त्या वेगळ्या राहिल्या. नवऱ्यास त्यांनीं टाकिलें नाहीं, त्याचा द्वेष केला नाहीं. पण त्याच्या मागोमाग तळ्यावर जाऊन उभ्याहि राहिल्या नाहींत.

या वर्षांविषयीं आपल्या मंडळ्यांत बोलणें होतें तेव्हां त्यांस अंधाराचीं वर्षें, हट्टाचीं वर्षें असें म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ही रीत मान्य नाहीं. ज्या गोष्टीवर आपला विश्वास बसलेला नाहीं ती देवासमोर उभें राहून ‘मी मानितें’ असें म्हणावयाचें त्यांनीं नाकारिलें. याला हट्ट म्हटलें तर प्रामाणिकपणा कशास म्हणावयाचें? नवऱ्याच्या प्रीतीसाठीं, किंवा पोटासाठीं, किंवा मुलाच्या भवितव्यासाठीं त्या बाप्तिस्म्यास उभ्या राहिल्या असत्या तर मिशनऱ्यांस आनंद झाला असता, अहवालांत एक ओळ वाढली असती, आणि मंडळींत एक असें मनुष्य आलें असतें ज्याचें तोंड एक बोलत होतें व मन दुसरें.

येथें टिळकांसहि त्यांचें श्रेय दिलें पाहिजे. पत्नी नव्या धर्मामुळें नांदावयास येत नाहीं अशा ख्रिस्ती झालेल्या पुरुषास न्यायालयाकडून विवाह मोडून घेऊन पुन्हां लग्न करण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें मोकळी होती. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर बंधूनें तिला सोडूं नये असें सांगितलें आहे. तिला जबरीनें विश्वासांत ओढावें असें तेथें कोठें नाहीं. ते वाट पाहत राहिले. आम्हांस तर असें वाटतें कीं, टिळकांच्या सगळ्या सुवार्ताकार्यांत या वाट पाहण्याइतकें मोठें काम थोडेंच असेल.

पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगर जिल्ह्यांत राहावयास आल्या. तेव्हांहि त्यांनीं आपलें सोवळें, आपलें पाणी, आपली चूल वेगळी ठेविली. एका संसारांत दोन धर्म. मग बदल आला तो असा नव्हे कीं कोणी उपदेशकानें एके दिवशीं त्यांस निरुत्तर केलें. जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, या प्रश्नावर त्या एकट्याच विचार करीत बसल्या, आणि हा मनुष्याचा उद्योग आहे असा निर्णय त्यांचा त्यांनींच केला. निर्णय झाल्यावर मात्र त्या थांबल्या नाहींत. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानावयास त्या लहानपणीं शिकल्या होत्या त्यांच्या हातचें अन्नपाणी त्यांनीं घेतलें. आधीं जात गेली, आणि मग १९०० सालीं बाप्तिस्मा झाला. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आपल्या मंडळ्यांत पुष्कळांचा क्रम उलटा झाला आहे: बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या गेल्या, आणि सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात अजून विचारली जाते.

कोणी आक्षेप घेतील कीं फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाचा सर्व घराण्यासुद्धां एका रात्रींत बाप्तिस्मा झाला. घरचा धनी वळला म्हणजे घर वळतें हाच शास्त्राचा मार्ग. पण तो वृत्तांत पुन्हां वाचावा. पौल व सीला यांनीं वचन सांगितलें तें त्या नायकास एकट्यास नव्हे, त्याच्या घरांतील सर्वांस सांगितलें, असें तेथें स्पष्ट आहे. त्याच अध्यायांत त्याच्या आधीं लुदियाची गोष्ट आहे. तिचें अंतःकरण प्रभूनें उघडिलें, आणि तिच्या घराचा बाप्तिस्मा झाला; तेथें कोणा धन्याचा उल्लेखच नाहीं. घराण्यानें मिळून देवाकडे येणें ही सुंदर गोष्ट आहे, व खेड्यांत तिची किंमत फार मोठी आहे, कारण एकटा पडलेला ख्रिस्ती मनुष्य गांवकीपुढें टिकत नाहीं. परंतु मिळून येणें वेगळें आणि मोजून आणलें जाणें वेगळें.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि आम्ही त्यास हलकें म्हणत नाहीं. प्रत्येक बाई (आणि प्रत्येक पुरुषहि) आपापल्या मतानें चालूं लागला तर घर कसें चालावें, मंडळी कशी चालावी? हट्टी माणसानें फोडलेल्या मंडळ्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. एका पेटीवरून, एका चटईवरून फुटलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून हट्ट आणि विवेक यांतील भेद ओळखतां आला पाहिजे. आमच्या समजुतीनें तो भेद असा कीं, अधिक चांगलें कारण समोर आलें तर विवेक वळतो, हट्ट वळत नाहीं. लक्ष्मीबाई पांच वर्षें अडून राहिल्या यावरून त्या हट्टी ठरत नाहींत. पांच वर्षांनंतर वळल्या, आणि कोणीं ढकलल्यावांचून वळल्या, यावरून त्या विवेकी ठरतात. आणखी एक खूण आहे. हट्ट दुसऱ्यांस खर्चांत घालतो. विवेक स्वतः खर्च सोसतो. त्या वर्षांचा खर्च बहुतेक सर्व त्यांनीं स्वतः सोसला.

पुढचें चरित्र थोडक्यांत सांगतां येईल. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनीं मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, आणि कांहीं काळ कराचीस मुलाजवळ काढिला. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. ज्या बाईनें शाळेंत एक दिवस घालविला नाहीं तिनें तें हातीं घेऊन त्याचे चौसष्ट अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रें’ हीं त्यांनीं मुलगा देवदत्त यांच्या आग्रहावरून सांगावयास घेतलीं, आणि मराठी भाषेंतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना आज सर्व धर्मांचे लोक करितात. नवऱ्यानें आधीं लिहिलेलें पुढें नेतांना त्या आज्ञाधारक होत्या कीं स्वतंत्र, हा प्रश्न आतां निरर्थक वाटतो. दुसऱ्याचें अर्धें राहिलेलें काम तोच पुरें करूं शकतो ज्यास स्वतःचा हात आहे.

हें सर्व मोठ्या बाईंचें झालें. आमच्या घरच्या बायकांचें काय, असें वाचक म्हणतील. घरच्या बायकांसाठींच हें लिहिलें आहे. २०१९ सालीं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें देशभर लोकांच्या दिवसाचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरचें बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यांत दिवसाचे सरासरी २९९ मिनिटें जातात, आणि तेंच काम करणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें आढळलें. म्हणजे बाईचे जवळजवळ पांच तास. त्यानंतर शेत, त्यानंतर गुरें, आणि त्यांतून उरलेल्या वेळांत ती मंदिरांतील चटया झटकते, बाळंतिणीस तेल लावावयास जाते, बचतगटाच्या हप्त्यांची आठवण करीत घरोघर फिरते, आणि कोणाच्या घरीं मृत्यु झाला कीं पहिला भात तिच्या चुलीवरून जातो. त्या दोनशें नव्याण्णव मिनिटांत जें शिजतें त्यावर पाळकाचाहि पिंड पोसलेला असतो.

मग मंडळीची सभा बसते, आणि मंदिराचें छप्पर कौलाचें घालावें कीं पत्र्याचें यावर दोन तास वाद होतो. पाऊस कोठून गळतो हें जिला रोज बादली ठेवून ठाऊक झालेलें आहे ती बाहेर चहा करीत असते. ग्रामपंचायतींतहि असेंच घडत होतें. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें एकतृतीयांश जागा स्त्रियांस राखून ठेविल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. पुष्कळ गांवीं त्यावर ‘सरपंचपति’ नांवाचा नवाच अधिकारी निर्माण झाला, ज्याचा उल्लेख कोणत्याहि कायद्यांत नाहीं. शिक्का बाईचा, खुर्ची नवऱ्याची. तरी जेथें बाई हट्टानें नव्हे तर विवेकानें खुर्चीवर बसली तेथें काय झालें हें आपण आपल्या तालुक्यांत पाहिलें आहे; आधीं पाण्याचा प्रश्न निघाला, कारण पाणी तिच्या डोक्यावरून येत होतें. मंडळीच्या पंचांत एखादी बाई घेतली तरी तिच्या नवऱ्यास विचारून तिचें मत लिहिलें जात असेल, तर सरकारास हंसण्याचा अधिकार आपल्यास नाहीं.

यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, तिच्या मरणाच्या वेळीं काय घडलें हें प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायांत आहे. पेत्र माडीवर गेला तेव्हां विधवा रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेलीं वस्त्रें दाखवूं लागल्या. ती कोणाची बायको होती, कोणाच्या शब्दांत होती, यांतलें एक अक्षर लूकानें लिहिलें नाहीं. तिला शिष्या म्हटलें आहे. वस्त्रें दाखविलीं आहेत. प्रेतकार्यांत बोलावयास उभे राहणाऱ्या आमच्या पाळकबंधूंनीं हा नमुना पाहावा. मयत बाई किती शांत होती तें सांगण्याऐवजीं तिनें काय केलें, कोणासाठीं केलें, आणि कोणत्या प्रसंगीं ती आपल्या मतावर उभी राहिली, हें तिच्या शेजारणींस विचारून घ्यावें. शेजारणी पुष्कळ सांगतील. त्यांस कोणीं विचारलेलें नसतें इतकेंच.

तसेंच बाप्तिस्म्याच्या तयारीस नवराबायको बरोबर येतात तेव्हां बाईस प्रश्न वेगळा विचारण्याची रीत असावी, आणि उत्तर तिचें तिनें द्यावें. नवऱ्यानें ‘ती पण मानते’ असें सांगून चालूं नये. ती ‘अजून नाहीं’ असें म्हणाली तर तिच्यावर रागावूं नये, तिच्याशीं बोलणें तोडूं नये, व घरच्यांसहि तोडूं देऊं नये. टिळकांस पांच वर्षें थांबतां आलें. आपल्यास एक पावसाळा थांबण्यास हरकत नसावी.

‘स्मृतिचित्रें’ आपल्या थोड्याच घरांत असेल असा आमचा अंदाज आहे. स्त्रियांच्या सभेंत दर आठवड्यास दहा पानें वाचावयास घेतलीं तर वर्षांत पुस्तक पुरें व्हावयास अडचण नाहीं. आरंभीं सगळें सोवळेंओंवळें व ब्राह्मणी घरांतल्या गोष्टी आहेत, त्यानें कोणीं बिचकूं नये; पुढें नगर आणि राहुरी हीं आपलीं ओळखीचीं गांवें येतात. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस एखाद्या शाळकरी मुलीनें वाचून दाखवावें. भाषा अंगणांत बसून बोलल्यासारखी आहे. मुलगी कोठें अडखळणार नाहीं, आणि मधूनमधून सगळ्याजणी हंसल्या म्हणून तिनें थांबूं नये.